तीन वाजता निघालेला दहीभात

आमच्या घरात माझं मत कुणी विचारत नाही, वास मात्र विचारतात. परवाचं ताक, कालची उसळ, फ्रीजच्या कोपऱ्यात विसरलेलं खोबऱ्याचं वाटण, सगळं आधी माझ्यापुढे येतं. बायको डबा उघडून नाकाखाली धरते आणि म्हणते, "अहो, सांगा." मी डोळे मिटून निकाल देतो. पंचवीस वर्षांच्या संसारात एवढं एकच खातं माझ्याकडे उरलंय, आणि ते मी आजवर चोख सांभाळलं असं मला वाटत होतं.

मुलगी इथे हैदराबादच्या विद्यापीठात समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला होती. त्यांच्याकडे असा नियम की शेवटचे चार महिने बाहेरच्या एखाद्या संस्थेबरोबर संशोधन करायचं, अहवाल लिहायचा आणि त्या संस्थेचं सही-शिक्क्याचं पत्र जोडायचं. पत्र नाही तर अहवाल नाही, अहवाल नाही तर पदवी नाही. आणि पदवी जूनमध्ये हातात आली तरच तिला बंगळूरची नोकरी मिळणार होती. ती नोकरी तिनं तीन मुलाखती देऊन मिळवलेली. घरात आम्ही तिच्या खोलीचं पुढे काय करायचं यावर भांडूनही घेतलं होतं.

तिला मिळालेली संस्था लग्नाच्या हॉलमधलं उरलेलं जेवण गोळा करून झोपडवस्त्यांत वाटायची. कल्पना ऐकून मला भरून आलं. अन्न वाया जात नाही, गरिबाच्या तोंडी लागतं, वर लेकीला पदवी. मी ऑफिसात चार जणांना फोन करून सांगितलं. एकानं तर मला पेढेही मागितले.

मुलीचं काम साधं होतं. प्रत्येक हॉलवर जायचं, किती अन्न उचललं ते वजन करून लिहायचं, हॉलमधून गाडी कधी निघाली ती वेळ, वस्तीत वाटप कधी सुरू झालं ती वेळ. जोडीला तिची एक मैत्रीण होती. ती दुसऱ्याच महिन्यात टायफॉइडनं पडली. फॉर्मवर दोन निरीक्षकांच्या सह्या लागत, आणि विद्यापीठातले मार्गदर्शक सर म्हणाले की घरचं कुणी असलं तरी चालेल. माझ्या रजा अशाही पडून होत्या. मी निरीक्षक क्रमांक दोन झालो.

माझी नेमणूक झाल्यावर मुलीनं फॉर्मात एक रकाना वाढवला. वास : ठीक, संशयास्पद, आंबलेला.

"बाबा, तुमचं नाक काही लॅबोरेटरी नाही," ती म्हणाली, "पण आपल्याकडे दुसरं आहे काय?"

मला त्या क्षणी शाल-श्रीफळ मिळाल्यासारखं झालं.

हॉलचा पुढचा भाग आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. झेंडूची कमान, गुलाबपाणी, खुर्च्यांना घातलेले झगे. मी पहिल्यांदाच मागचा भाग पाहिला. एप्रिल महिन्यातली दुपार. मुहूर्त सकाळचा, जेवणं अडीचला संपलेली. ओल्या सिमेंटवर केळीच्या पानांचा ढीग, त्यावर अर्धवट चावलेले गुलाबजाम, चोखून टाकलेल्या शेवग्याच्या शेंगा, वितळलेलं आइस्क्रीम बिर्याणीवर ओघळलेलं, आणि सगळ्यावर माश्यांचं काळं पांघरूण. माणसांनी केलेलं होतं ते. चांगले कपडे घातलेल्या, वधूवरांना आशीर्वाद देऊन आलेल्या माणसांनी. मग आठवलं की मागच्याच वर्षी मलकपेठेत मावसभावाच्या मुलीच्या लग्नात मी पानात डबल का मीठा, म्हणजे इकडचं पावाचं गोड, दोनदा घेतला आणि एकदाच खाल्ला. ढिगाकडे बघताना मला वाटायला लागलं की यातला एखादा घास ओळखीचा असेल.

संस्था पानातलं उचलत नाही, फक्त मोठ्या पातेल्यातलं उचलते, असं मुलीला सांगितलेलं होतं. प्रत्यक्षात वाढपी टेबलावरच्या वाट्या घाईघाईनं बादलीत ओतत होते. एकीत चमचा होता, एकीत कागदी रुमाल. मुलीनं तेही लिहिलं. ती लिहीत असताना तिचा चेहरा बघवत नव्हता.

आता ज्या दिवशी मी चुकलो त्या दिवशीचं सांगतो. सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो.

गाडी हॉलमधून तीन वाजून दहा मिनिटांनी निघाली. बिर्याणी, पप्पू म्हणजे इकडचं घट्ट वरण, आणि दहीभाताच्या चार बादल्या. बंद टपाची गाडी. वस्ती वीस मिनिटांवर. आम्ही स्कूटरवरून मागोमाग पोचलो, तर गाडी वस्तीच्या तोंडाशी उन्हात उभी आणि ड्रायव्हर सावलीत बसलेला.

"वाटत का नाही?" मी विचारलं.

"फोटोवाले आने का है साब."

एका मोठ्या कंपनीतली माणसं त्या दिवशी सेवा करायला येणार होती. त्यांच्या हातून वाटप, त्याचे फोटो, मगच पुढचं. पाचला येतो म्हणाले. साडेपाचला म्हणाले ट्रॅफिकमध्ये आहोत. बायका ताटं घेऊन रांगेत उभ्या राहिल्या, मग बसल्या, मग ताटं डोक्यावर धरून बसल्या. मुलगी दर अर्ध्या तासानं संस्थेच्या मॅडमना फोन करत होती. मॅडम म्हणत होत्या, "निघालेत गं, आलेच."

सहा वाजता मॅडम स्वतः आल्या. मागून एकसारखे पिवळे टी-शर्ट घातलेली माणसं. ड्रायव्हरनं झाकणं काढली. मी रीतसर वाकलो.

दहीभात जिवंत झाला होता. कडेनं बारीक बुडबुडे, मधे पिवळसर पाणी, आणि वास ओल्या गोणपाटात उंदीर मेल्यासारखा. माझं नाक लागत नव्हतंच त्याला. सर्दी झालेल्या माणसानंही तोंड फिरवलं असतं.

मी पेन काढलं. तेवढ्यात मॅडम जवळ आल्या आणि मुलीशी मराठीत बोलताना माझ्याकडे वळल्या.

"अय्या, तुम्ही हिचे बाबा? किती छान! इथे मराठी कानावरच पडत नाही हो."

त्या पुण्याच्या. नोकरीनिमित्त इकडे, आयटीवाल्यांच्या नव्या हैदराबादेत. आणि आम्ही चिक्कडपल्लीचे. आजोबा नांदेडकडची शेती सोडून इथे आले, तेव्हापासून आमच्या मराठीत दखनीतले हौ आणि नक्को मुक्कामाला आहेत. पुण्याच्या माणसापुढे माझं तोंड आपोआप बंद होतं. क्रियापद चुकेल म्हणून मी मान हलवतो, हसतो, आणि जे म्हणतील त्याला "हो ना, हो ना" करतो. हा आजार आमच्या अख्ख्या घराण्यात आहे. माझे काका पुण्याच्या पाहुण्यांसमोर पाणीसुद्धा हातवारे करून मागत.

"काका, वास ठीक आहे ना?" मॅडमनी फॉर्मकडे बघत विचारलं. त्या माझ्याहून फार तर आठ वर्षांनी लहान असतील. "दह्याला थोडा आंबूसपणा असतोच, नाही का?"

"हो ना," मी म्हणालो. "असतोच."

आणि मी लिहिलं : ठीक. मॅडमनी लगेच फोनवर त्या फॉर्मचा फोटो काढला. मुलगी तोवर गाडीपलीकडे बिर्याणीचं वजन करायला गेली होती.

पिवळे टी-शर्ट पळ्या घेऊन उभे राहिले. हसा म्हटलं की हसत होते. रांगेतल्या दुसऱ्याच बाईनं ताटातला भात नाकाशी नेला, टी-शर्टवाल्याला ओलांडून थेट माझ्याकडे आली आणि ताट माझ्यापुढे धरलं.

"बास आ री इसमें से साब. तुम पैले खा के बताओ."

मी म्हणालो, "मेरा पेट भरेला है."

"एक निवाला."

मी हसलो. खरंच हसलो, दात दिसतील असा. तिनं माझ्याकडे बघितलं, मग खुंटीला बांधलेल्या आपल्या बकरीपुढे ते ताट सरकवलं. बकरीनं हुंगलं आणि मान वळवली. त्या जागी खरं बोलणारा एकच प्राणी होता, आणि त्याला फॉर्म भरता येत नव्हता.

बाकीच्यांनी मात्र खाल्लं. अडीच तास ताट घेऊन बसलेला माणूस खातोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी नेहमीच्या चौकशीला वस्तीत गेली. मी ऑफिसात होतो. दुपारी घरी आलो तर ती जेवणाच्या टेबलाशी बसलेली, पुढ्यात तो फॉर्म.

"पोरांना उलट्या झाल्यात, बाबा. एका आजीला सलाईन लावलीय सरकारी दवाखान्यात." तिचा आवाज अगदी साधा होता. "हे 'ठीक' तुम्ही लिहिलंत?"

"हौ."

"ठीक होतं?"

मी दह्याच्या आंबूसपणाबद्दल काहीतरी सुरू केलं. ती ऐकत राहिली. अर्ध्यावर मलाच माझ्या आवाजाची किळस आली आणि मी म्हणालो, "नव्हतं. नासलेलं होतं. त्या बाई मराठीत बोलल्या ना, मग मला नाही म्हणताच आलं नाही."

बायको दारात उभी होती. "घरी माझ्या आमटीला नावं ठेवता," ती म्हणाली, "आणि तिथं नाक कुणाकडे गहाण ठेवलं होतं?"

मुलगी उठून आत गेली.

आजी चौथ्या दिवशी घरी आली, पोरंही बरी झाली. मी मनातल्या मनात प्रकरण मिटवून टाकलं. पण संस्थेला मिटवायचं होतं ते वेगळंच. मुलीनं अहवालाचा मसुदा पाठवला, त्यात प्रत्येक दिवसाच्या दोन्ही वेळा शेजारी शेजारी लावलेल्या. वाटपापर्यंत कधी दोन तास, कधी तीन, आणि फोटोवाले ज्या दिवशी येणार त्या दिवशी हटकून सगळ्यात जास्त. संस्थेचा निरोप आला : वेळेचे रकाने काढा, मग पत्र देतो.

आणि मी, आता हेही सांगून टाकतो, तिला म्हणालो, "काढून टाक ना. दोन रकान्यांनी काय होतं? नोकरीला लाग, मग पुढे लिही काय लिहायचं ते."

तिनं माझ्याकडे पाहिलं, ते अगदी त्या ताटवाल्या बाईच्या नजरेनं.

सरांच्या खोलीत बैठक झाली. मुलगी, मॅडम, सर, आणि निरीक्षक म्हणून मी. सर भले माणूस, कुणाशी वाकडं नको असलेले. टेबलावर समोसे मागवले होते. त्या चार महिन्यांनंतर मला कुठलाही मागवलेला पदार्थ बघवत नाही.

"देखो अम्मा," सर मुलीला म्हणाले, "रिसर्च में सब कुछ नहीं डालते. संस्था अच्छा काम कर री."

मॅडमनी फोन पुढे केला. पडद्यावर माझं अक्षर. "उलट्यांचं म्हणाल तर त्या दिवशी वास ठीक होता. हिच्याच वडिलांनी लिहिलंय." मग माझ्याकडे वळून गोड आवाजात, "हो ना काका?"

मी "हो ना" म्हणायला तोंड उघडलेलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. तोंडाला सवय असते. पण मुलगी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. तिनं मला सोडून दिलेलं होतं. त्यानं मात्र मला हलवलं.

"नाही," मी म्हणालो. "नासलेलं होतं. मला कळलं होतं. मी खोटं लिहिलं."

मॅडमचा चेहरा जरासुद्धा बदलला नाही. "मग बाकीच्या फॉर्मवरचंही खोटंच असेल, काका. अशा माणसाच्या नोंदींवर अहवाल कसा उभा राहील?"

सरांनी मान डोलावली. मी खरं बोलून लेकीचं काम बुडवलं होतं. खोटं बोलून आजीला, खरं बोलून लेकीला.

मुलीनं पेन काढलं. वासाचा अख्खा रकाना तिनं प्रत्येक पानावर स्वतःच्या हातानं आडवी रेघ मारून खोडला. मग शेवटच्या पानावर खाली लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं : "निरीक्षक क्रमांक दोन यांनी संस्थेच्या प्रतिनिधींसमोर संकोचून एक नोंद जाणूनबुजून चुकीची केली. म्हणून वासाच्या सर्व नोंदी रद्द. वेळेच्या नोंदी माझ्या स्वतःच्या आहेत. त्या राहतील."

"मग पत्र मिळणार नाही," मॅडम म्हणाल्या.

"नक्को," मुलगी म्हणाली. पुण्याच्या बाईसमोर, अगदी सहज.

पदवी जूनमध्ये मिळाली नाही. बंगळूरवाल्यांनी पंधरा दिवस थांबून दुसऱ्या मुलीला घेतलं. सरांनी डिसेंबरपर्यंत मुदत दिली आणि नवी संस्था शोधायला सांगितलं. अहवालाचं हिंदी-तेलुगूत भाषांतर करून मुलीनं तो वस्तीत वाचून दाखवला, माझ्यावरच्या ओळींसकट. मी मागे उभा होतो. ताटवाली बाई वळून म्हणाली, "यही वो साब?" आणि पुन्हा पुढे बघायला लागली. त्यानंतर तिथल्या बायका गाडी आली की ड्रायव्हरला आधी विचारायला लागल्या, हॉलमधून किती वाजता निघाली. दोनदा त्यांनी गाडी परत पाठवली.

तिसऱ्यांदा गाडी आलीच नाही. गेल्या आठवड्यात संस्थेच्या इंटरनेटवरच्या पानावर नवे फोटो पाहिले. तेच पिवळे टी-शर्ट, त्याच पळ्या, रांग वेगळी. आता गाडी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीत जाते, जिथे अजून कुणी वेळ विचारत नाही. मला फोन बाजूला ठेवून उठावं लागलं.

मुलीनं फोटोवरून जागा शोधून काढली. रविवारी सकाळी ती कोरे फॉर्म घेऊन निघाली. या वेळी पाठीशी कुठलीच संस्था नाही, म्हणजे पत्राचीही आशा नाही.

"मी येऊ?" मी विचारलं.

ती चप्पल घालत होती. बराच वेळ पट्ट्याशी खटपट करत राहिली.

"या," ती म्हणाली. "पण पेन माझ्याकडे राहील."