कातळाखालचं पाणी

टाचा घासायची दगडी वजरी भिजली की तिच्या वासाने मला कान्हे गावातली आमची विहीर आठवते. अब्बा गेल्यावर नदीचं पाणी वाहून अम्मा थकली आणि तिने विहीर खणायला घेतली. काळा कातळ लागला तशी खणणारी माणसं थांबली.

"मावशी, हितं पाणी न्हाई."

"मग मी खणते," म्हणत अम्मा पदर खोचून खाली उतरली. माणसंही मागे उतरली.

अखेर कातळ फुटला. खाली वजरीसारखा भोकाभोकांचा दगड निघाला. फार पूर्वी इथे पसरलेल्या लाव्ह्यातल्या बुडबुड्यांची ती भोकं. त्यातून पाणी झिरपू लागलं.

अम्माला ते ठाऊकच होतं, असं तेव्हा मला वाटलं. पण पाणी खरंच आहे ना म्हणून ती पुन्हापुन्हा ओंजळ भरून पाहत होती. तिलाही ते ठाऊक नव्हतं, हे मला या वयात कळतं.