हन्नाताईंची ओ

लेकीच्या बाळंतपणाची यादी करत होते. दुपटी, टोपरी, शेकायची शेगडी... तेवढ्यात हन्नाताईंच्या भाच्याचा फोन आला. पहाटे झोपेतच गेल्या. यादी घडी घालून ठेवली आणि निघाले. त्याच आठवड्यात नात झाली.

आसेगावच्या दवाखान्यात त्या नर्स, मी कारकून. आम्ही कामं वाटून घ्यायचो. बाळांची नावं हे त्यांचं खातं. त्या ख्रिस्ती. बायबलातली हिब्रू नावं बहुतेक काहीतरी घडलं म्हणून पडलेली, असं सांगायच्या. म्हातारपणी आपल्याला मूल होणार हे ऐकून सारा हसली, म्हणून मुलगा इसहाक, ‘तो हसतो’. हन्ना म्हणजे कृपा. नाव सुचलं की त्या मला दारातून हाक मारायला लावायच्या आणि बाळाच्या वतीनं पाळण्याजवळून स्वतःच ओ द्यायच्या. हाक मोकळी निघाली की नाव पक्कं.

एकदा किन्हीराजा गावची एक आजी चौथ्या नातीचं नाव नकोशी ठेवायला निघाली. रीतीप्रमाणे मी दारातून हाक मारली. ओ आलीच नाही.

“काहून वं सिस्टर, ओ दे ना,” आजी म्हणाली.

“मी कायले देऊ? हे पोरगी देईन काय जलमभर?” मग त्यांनी बायबलातल्या राहेलची गोष्ट सांगितली. बाळंतपणात मरताना तिनं मुलाला बेनओनी म्हटलं, माझ्या दुःखाचा मुलगा. बापानं बदलून बन्यामीन केलं, उजव्या हाताचा मुलगा. “मायचं दुःख खरं होतं, मावशी. पन पोराच्या गळ्यात कायले बांधा?”

“मंग तूच ठेव. तुहं नाव तं आमच्या तोंडात बसत नाही.”

“मराठीत कृपा होते. घेऊन टाका, मले दोन कायले लागतात?”

आजी हसली. पोरीचं नाव कृपाच ठेवलं.

आता नातीचं नाव ठेवायची वेळ आली. आमच्याकडे बुद्धवंदना झाली की नाव जाहीर करतात. आदल्या दिवशी लेक म्हणाली, “आई, स्मृती ठेवू. हन्नामावशीची आठवण.” मला पटलं. तरी दारात जाऊन हाक मारून पाहिली... आणि ती मोकळी निघेना. या नावानं मी रोज तिला हन्नाताई गेल्याचंच सांगणार होते. राहेल आठवली.

“नको,” मी लेकीला म्हटलं, आणि पुन्हा दारात उभी राहिले. “कृपा.”

हाक मोकळी निघाली. नाव पक्कं झालं. हार आणायचे होते, खिरीचं दूध सांगायचं होतं, पण मी उंबऱ्यावरच थांबले... पाळण्याजवळून ओ यायची होती.