गुलाबचाचांची जीभ

गुलाबचाचा दुपारी लिंबाखाली आडवे झाले की काष्टीच्या बाजारातल्या म्हशी कान टवकारायच्या. इतकं ते घोरायचे. म्हशींचा दलाल माणूस, अंगानं आडवा, बोलणं मधाळ. आमच्या दोघांच्या घरांत भिंत एकच, त्यामुळे ते घोरणं मला घरबसल्या मिळायचं. शिवाय मी शाळामास्तर; शनिवारी सकाळची शाळा आटोपून बाजारात त्यांच्याजवळ जाऊन बसायचो.

त्या घोरण्याला एक खोड होती. चांगलं रंगात आलेलं असताना ते एकदम बंद पडायचं. छाती हलायची, पण श्वास काही आत जात नसे. आजूबाजूची मंडळी चहाचे कप धरून बघत राहायची. "थांबा, येतंय," कुणीतरी म्हणायचं. मग चाचा मोठ्यानं घुर्र करून दम घ्यायचे आणि हशा पिकायचा.

चाची तेवढ्या हसत नसत. "तुमाला गंमत वाटती, मास्तर. रातभर मी हलवती म्हनून हे उठत्यात," त्या म्हणायच्या.

चाचांचं ठरलेलं वाक्य होतं, "भाव बोटानं ठरतो, पन गिऱ्हाईक जिभंनं हुबं ऱ्हातं." आधी म्हशीचं तोंडभर कौतुक, मग टॉवेलाखाली हातात हात घालून बोटांनी मुका भाव. एकदा स्वतःचीच म्हैस विकताना, श्रीगोंद्याच्या गिऱ्हाइकाशी बोटं चालू असताना, चाचा बसल्या बसल्या झोपले. हात सैल पडला. गिऱ्हाइकाला वाटलं, मान्य झालं. भरल्या कासेची म्हैस कवडीमोल गेली. लोक भांडायला उठले, तर चाचांनीच त्यांना गप्प केलं. "हात सुटला म्हंजी सौदा झाला. झोपंतला आसला तरी हात माजाच हाय."

मला मात्र त्या दिवशी भीती वाटली. हा माणूस मोटारसायकलवर गावोगाव फिरत होता.

मी त्यांना नगरला डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. जीभ जड आहे, झोपेत मागे घसरून घसा बंद करते, असं करता करता एक दिवस हृदय थकेल, असं डॉक्टर म्हणाले. आधी नाकावर लावायचं मशीन दिलं. चाचांनी ते आठवड्यात कोपऱ्यात टाकलं. "मुसकं बांधून जनावरबी निजत न्हाई, मास्तर."

मग डॉक्टरांनी दुसरा उपाय सांगितला. जागा बधिर करून जिभेच्या मुळाशी विजेवर तापणारी बारीक सुई घालायची, तिच्या उष्णतेनं आतला भाग हळूहळू आक्रसतो. कापाकापी नाही, संध्याकाळी घरी. गुण येण्याची खात्री नाही, पण आशा आहे.

चाचांनी तोंडावर हात ठेवला. "हिला चटका? सायेब, बोबड्या दलालाला कोन इचारतंय?"

"बोलणं जात नाही हो. थोडे दिवस सूज राहील."

"तवर बाजार थांबतुय व्हय?"

आम्ही तसेच परतलो. मी चिडलो होतो, आणि घाबरलोही होतो.

पुढं एका सकाळी चाची भाकरी थापता थापता चुलीपुढंच झोपल्या. तव्यावर भाकरी जळली, पदर जाळाशी गेला. चाचांनी धावत जाऊन तो ओढला. त्याच पावली ते माझ्या दारात आले. "मास्तर, ही माज्यापायी रातीची झोपंना झालीय. लावा फोन डागदरला."

मंगळवार ठरला. "आता मंगळवारपासनं मीबी निजंन," चाची म्हणाल्या.

मधल्या शनिवारी चाचा बाजारात नुसते बोलत सुटले होते. "आज बोलून घेतो, मंग जीभ डागदरच्या ताब्यात." दुपारी लिंबाखाली लवंडले, टॉवेल छातीवर ओढला. घोरणं रंगात आलं आणि थांबलं.

"थांबा, येतंय," कुणीतरी म्हणालं.

सगळे कप धरून थांबले. हसायच्या तयारीत मीही होतो. चहावर साय धरली. मग मी टॉवेलाखाली हात घालून त्यांची बोटं दाबली. ती सैल होती. आम्ही हाका मारल्या, छाती दाबली, जीप काढून दवाखान्यात नेलं. उपयोग झाला नाही.

घरी सांगायला मीच गेलो. दार लोटलेलं होतं. भर दुपारी चाची चटईवर गाढ झोपल्या होत्या, कितीतरी वर्षांनी. त्यांना उठवायला माझा हात धजेना.