हिला झोप येत नाही
दवाखान्यात स्पिरिटचा वास आला की आई-वडिलांसोबत दिंडोरीहून नाशिकला आलो होतो ती सकाळ मला आठवते. द्राक्षांची छाटणी नुकतीच उरकली होती आणि छाटलेल्या काड्यांना फुटवे यावेत म्हणून लावायच्या पेस्टचा लाल रंग वडिलांच्या नखांत तसाच होता. आमच्याकडे बाईचं दुखणंही पुरुषानंच सांगायचं. आई पदर सावरून शेजारच्या खुर्चीत बसली आणि वडील बोलायला लागले, "हिला झोप नाय येत. छातीत धडधडतं. कशात मनच नाय लागत." इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. डॉक्टर आईकडे वळले, "मावशी, कधीपासून होतंय?" आई हळूच म्हणाली, "मला नाय हो. मी पडले की झोपते. रातभर हेच ओट्यावर बसून राहतात." डॉक्टरांनी नाडी बघायला वडिलांचा हात हातात घेतला, तरी त्यांनी मान वर केली नाही. इतक्या वर्षांनी, मागच्या आठवड्यात, त्याच वासात मी एकटाच बसलो होतो. "काय होतंय?" असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा माझी नजर आपोआप शेजारच्या खुर्चीकडे गेली. ती रिकामी होती. मग म्हणालो, "मला झोप येत नाही."