बाकावरची पिशवी

माझं अक्षर गिचमिड आहे आणि शुद्धलेखन चौथीपर्यंतचं. सांभाळून घ्या.

बसथांब्यावर तो बाकावर बसायचा आणि उरलेल्या जागेवर कापडी पिशवी ठेवायचा. मी बसू नये म्हणून. असा एखादा तुम्हीही पाहिला असेल. मी उभी राहायची. मी इस्पितळात साफसफाईला जायची, तो तिथेच आजारी बायकोला भेटायला. आमच्या वेल्समधल्या गावातली पोलादाची भट्टी विझली, तिथे त्याचा जन्म गेला होता.

"कार्डिफ!" म्हणून तो थुंकायचा. वेल्सची वेगळी विधानसभा तिथे आहे. "आधी लंडनवाले लुटायचे. आता चोर शेजारी राहायला आला, एवढंच." मग माझ्याकडे बघून, "आणि घरं मिळतात तुमच्यासारख्यांना."

घराचं भाडं माझा मुलगा भरतो. पण हे इंग्रजीत वेळेवर सुचायचं नाही.

त्या विधानसभेसाठी आम्हालाही मत होतं. मतदानाला चॅपलच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, हॉलमध्ये तो रांगेत नेमका माझ्या मागे. मतपत्रिका घेतली आणि सवयीने मी डाव्या हाताचं बोट टेबलामागच्या बाईपुढे धरलं. तिला कळेना.

"शाई," मी म्हटलं.

तो खो खो हसला. "शाई कशाला, बाई? इथे आम्ही माणसांवर विश्वास ठेवतो!"

"मग माझ्यावर पण ठेवा."

इतकं उलट मी जन्मात कुणाला बोलले नव्हते. तो लाल झाला.

उन्हाळ्यात आमची बस बंद झाली. त्याच्या मते कार्डिफनेच केली. मुलगा मला गाडीने सोडू लागला. थांब्यावर तो दिसला तशी मुलाने काच खाली केली.

"चला, सोडतो."

"उपकार नकोत. बस पाहिजे."

तो टेकडीवरून चालत आला. पोचला तेव्हा बायकोचा डोळा लागला होता. मी लादी पुसत होते. बूट काढून तो तिच्या उशाशी नुसता बसला होता. भेटायची वेळ संपली, तरी ती उठली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच गाडीचं दार उघडलं. मी मागेच बसते, पुढे भीती वाटते. तो शेजारी बसला, मधे पिशवी ठेवली आणि इस्पितळ येईपर्यंत कार्डिफला शिव्या घातल्या.

"आई, हे रोज ऐकायचं?" मुलाने मराठीत विचारलं.

"ऐक."

थंडीत ती गेली. तिची खाट मीच पुसली. त्यानंतर तो घराबाहेर पडलेला मी पाहिला नाही. मला तो कधीच आवडला नव्हता.

"आई, आता ऐसपैस बस की," मुलगा म्हणतो.

मी दाराशीच बसते. माझी पिशवी मांडीवर घेते.