टिल्सन कॉलेजच्या गोलखांबाचं ग्रीस

शुक्रवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी व्हर्ना पोस्पिशिल ओढ्यात मांडीभर पाण्यात उभी राहून गोलखांबाला साखळी बांधत होती. काठावर ट्रॅक्टरवर तिचा दीर एमिल बसला होता.

"ओढ्यातच कशाला टाकलात?"

"जिंकल्यावर ओढ्यातच टाकतात."

"पण जिंकलं कोण?"

"तू ओढ रे गुमान."

व्हर्ना टिल्सन कॉलेजच्या फुटबॉल मैदानाची देखभाल करते. आमच्या नेब्रास्कात फुटबॉल म्हणजे चेंडू काखेत घेऊन समोरच्याच्या अंगावर जाणं. टिल्सनच्या बाबतीत, जाऊन पडणं. घरच्या मैदानावर संघ नऊ वर्षांत जिंकलेला नाही. मोठा सामना जिंकला की लोक गोलखांबावर चढतात, तो पाडतात आणि मिरवत नेतात. म्हणून व्हर्ना प्रत्येक सामन्याआधी खांबांना ग्रीस फासते. "कोण चढणार आहे, कावळे?" असं प्रशिक्षक रस्मुसेन दर वेळी विचारतात. ती फासते.

यंदा गावात सिनेमावाले आले. हरणारा कॉलेजचा संघ, दारुडा प्रशिक्षक, संघाची लाडकी बकरी. न्हाव्याच्या दुकानात पहिल्याच दिवशी सगळ्यांनी गोष्ट शेवटापर्यंत सांगून टाकली. बकरी मरते का, एवढ्यावरच मतभेद होता.

गुरुवारी शेवटचा प्रसंग होता. प्रेक्षक म्हणून अख्खं गाव बसवलेलं. ग्रीस कॅमेऱ्यात चमकतं म्हणून दिग्दर्शिकेने ते पुसायला लावलं. सूचना स्पष्ट होती: किक खांबांमधून गेली की मैदानात धावा, नाचा, खांबाला हात लावू नका.

नटाच्या तीन किक चुकल्या. चौथी गेली. फलकावर टिल्सन एका गुणाने पुढे दिसला आणि गावाला सिनेमाचा विसर पडला. खांबावर आधी दातांचे डॉक्टर चढले, मग पाद्रीबाई, मग व्हर्ना. तिघांच्या वजनाने खांब वाकला, बाकीच्यांनी तो आडवा केला. कॅमेरा चालूच होता. दिग्दर्शिका म्हणे आनंदाने रडली.

"तू चढलीस?" शुक्रवारी पहाटे रस्मुसेननी फोनवर विचारलं.

"ग्रीस नव्हतं ना."

"अगं बये, उद्या खरा सामना आहे! आज पाचला लीगचा तपासनीस येतोय. खांब नसला तर सामना हक्सटनला जाईल, त्यांच्या मैदानावर. हरायचंच आहे तर निदान घरी हरू दे आम्हाला."

खांब ट्रॅक्टरमागे फरफटत मैदानात आला. आडवी दांडी केळ्यासारखी झाली होती. एमिलने ती तापवून ठोकली, व्हर्नाने बुडाला वेल्डिंग केलं. दातांचे डॉक्टर दुपारी दवाखाना बंद करून आले आणि दोर धरून उभे राहिले. पाद्रीबाईंनी सॅंडविचं पाठवली. स्वतः आल्या नाहीत.

पाचला तपासनीस आला. आडव्या दांडीची उंची त्याने मोजली, ती बरोबर निघाली. मग मान तिरकी करून बघत राहिला.

"डावा दांडा कलतोय."

"तुम्ही कलताय," एमिल म्हणाला.

"आमच्या किक त्याच्या जवळपासही जात नाहीत," रस्मुसेन म्हणाले.

तपासनीस हसला नाही, पण त्याने सही केली.

व्हर्ना हात पुसत होती. रस्मुसेन तिच्याजवळ गेले.

"उद्या जरा जाड फास."

"का? कावळे येणारेत?"

सामना उद्या दुपारी एकला टिल्सनच्या मैदानावर आहे. बाराला व्हर्ना दोन्ही गोलखांबांना ग्रीस फासेल.