सात वाजता सांगायचं होतं

सकाळी सहाला गाडीतळावर आम्ही तिघंच होतो. बाई दहा पावलं पुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि आम्हाला एकेक करून त्यांच्यासमोरून चालत जायला सांगितलं. प्रत्येकाच्या छातीवर पट्ट्याने बांधलेलं एक छोटं यंत्र असतं. बर्फाखाली कोणी गाडलं गेलं तर त्याच्या सिग्नलवरून शोधायचं. ते चालू आहे ना, एवढंच बाई पाहत होत्या. आधी दादा गेले, मग मी. त्यांच्या हातातलं यंत्र वाजलं.

"पास्ट?" त्यांनी विचारलं. सगळं ठीक ना, अशा अर्थी हा जर्मन शब्द इथे दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतो.

"पास्ट," मी म्हणाले. उजवी टाच तेव्हाच बुटात घासत होती.

बाई म्हणजे, मी ज्या कंपनीत मास्टर्सचा प्रबंध करते, तिथल्या माझ्या मार्गदर्शक. वय पन्नाशीच्या पुढे. ऑफिसात सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारतात. माझ्या तोंडून ते निघत नाही, म्हणून मी शक्यतो हाकच मारत नाही. मनात त्या बाईच. दादा त्याच विभागात आठ वर्षं इंजिनियर आहेत, मूळचे पुण्याचे, राहतात इथल्या उंटरश्लाइसहाइम गावात. दर वसंतात ते बाईंबरोबर स्की घेऊन डोंगर चढतात. या वेळी त्यांनीच माझं नाव सुचवलं होतं. पोरगी दोन हिवाळे स्की करतेय, चांगली करते, असं त्यांनी बाईंना सांगितलं होतं. मी शिकले होते ते युनिव्हर्सिटीच्या कोर्समध्ये, यंत्राने दाबून गुळगुळीत केलेल्या उतारावर. दादांना हे माहीत होतं की नाही, मला अजून नक्की सांगता येत नाही. मी तरी सांगितलं नव्हतं.

उन्हाळ्यात प्रबंध संपणार होता. नंतर इथेच नोकरी मिळेल का, हे बाईंच्या शब्दावर होतं. शनिवारच्या फिरण्याचा त्याच्याशी संबंध आहे असं कोणी म्हटलं नव्हतं. मीच ती परीक्षा धरून चालले होते.

बूट भाड्याचे होते. दुकानदाराने दोनदा विचारलं होतं, टाचेला लागतंय का, अर्धा नंबर मोठा देऊ का. माझ्या मागे रांग होती. मी नाही म्हणाले.

हे माझं जुनंच आहे. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. साहेबाने काहीही विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "होऊन जाईल, साहेब." आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे तिथे कसं वागायचं हे सांगणारं कोणी नव्हतं. वडिलांचंच वाक्य मी बरोबर नेलं. हे सॉफ्टवेअर येतं का? येतं. जर्मनमधून प्रेझेंटेशन देशील? देईन. आधी हो म्हणायचं, मग धावत जाऊन शिकायचं. याच रस्त्याने मी तालुक्याच्या गावातून इथवर आले. म्हणून तो चुकीचा आहे असं मला आजही सरळ म्हणवत नाही.

निघण्याआधी बाईंनी नियम सांगितले होते. वसंतातला बर्फ रात्री घट्ट गोठतो, सकाळी उन्हाने वरचा बोटभर थर मऊ होतो. तेवढा वेळ त्यावरून लोण्यासारखं उतरता येतं. मग तो आतपर्यंत भिजतो आणि घसरू शकतो. वर जी खिंड आहे तिथे साडेदहाला पोचायचं आणि पूर्वेच्या उतारावरून खाली यायचं. उतरण्याआधी त्या प्रत्येकाला विचारतील. एकाने नाही म्हटलं तर तिघंही जाणार नाहीत. कारण विचारलं जाणार नाही.

मला तो नियम आवडला. आपल्याला तो लागेल असं मात्र वाटलं नाही.

जंगलातून चढ सुरू झाला. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्यामुळे मागे न घसरता चालता येतं. प्रत्येक पावलाला टाच उचलली जाते. प्रत्येक पावलाला माझी घासत होती. सातच्या सुमाराला ओलं लागलं. तो घाम नव्हता हे मला कळलं होतं. बाई पुढे एका लयीत चालल्या होत्या, मागे वळून बघायच्या, थांबायच्या. मी थांबले की मोबाइल काढायचे.

"दमलीस का गं?" दादांनी वरून विचारलं.

"नाही दादा, फोटो काढत होते."

"एवढे? प्रदर्शन भरवायचंय का गावात?"

मी हसले. झाडं संपली, ऊन अंगावर आलं. मला सारखी घाई होत होती आणि पाय मात्र पुढे पडत नव्हते. आठ. नऊ. मी घड्याळ बघायचे, मग खिंडीकडे, मग परत घड्याळ. खिंड जवळ येतच नव्हती. आता सांगावं, असं दर वळणावर वाटायचं. मग वाटायचं, इतका वेळ सांगितलं नाही, आता काय सांगणार. जेवढा उशीर होत गेला तेवढं सांगणं जड होत गेलं.

खिंडीत पोचलो तेव्हा अकराला दहा कमी होते. ठरल्यापेक्षा वीस मिनिटं उशीर.

पूर्वेचा उतार खाली ओढ्यापर्यंत एकसलग पांढरा होता. बाईंनी काठी बर्फात खुपसली. ती सहज खोल गेली. त्यांनी दोनतीन ठिकाणी तसंच करून पाहिलं आणि मग सावकाश बोलल्या. अगदी काठावरची वेळ आहे, पण लगेच निघालो, एकेकटे, मध्ये अजिबात न थांबता खालपर्यंत गेलो, तर जायला त्यांची हरकत नाही.

मग त्यांनी दादांकडे पाहिलं. "जा," दादा म्हणाले. म्हणजे हो. त्यांच्या बुटांची बकलं लावूनही झाली होती.

मग माझ्याकडे.

त्या हिशेब करत होत्या आणि त्यात एक आकडा खोटा होता, तो फक्त मला माहीत होता. मध्ये न थांबता. उजव्या पायावर भार देऊन मला एक वळण तरी घेता आलं असतं का? इथे आधी हो म्हणून मग शिकायला वेळ नव्हता. तरीही जिभेवर "पास्ट" आलंच होतं. मी ते गिळलं.

"नाइन," मी म्हणाले. म्हणजे नाही.

बाईंनी मान हलवली. "गुट," म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या आणि सॅक उचलली. झालं. कारण कोणी विचारलं नाही. पण मलाच राहवेना. सकाळी सातपासून टाच सोलली आहे, उशीर माझ्यामुळे झाला, हे मी तुटक्या जर्मनमध्ये सांगून टाकलं.

बाईंनी जाकिटाच्या खिशातून जखमेवर लावायच्या चिकटपट्ट्यांचं पाकीट काढलं. "सात वाजता सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. "हे तेव्हाही इथेच होतं."

मी खिंडीत बसून बूट काढला. मोजा लाल झाला होता. तेवढ्यात अनोळखी दोघं वर आले, आम्हाला नमस्कार केला आणि एकामागोमाग एक पूर्वेकडे उतरले. आम्ही तिघंही बघत होतो. काहीही झालं नाही. त्यांच्या मागे दोन सुंदर नागमोडी रेघा राहिल्या. दादा त्या रेघांकडे बराच वेळ बघत होते.

आम्ही आल्या वाटेने परतलो. जंगलात सावलीतला बर्फ अजून खरखरीत आणि कडक होता. मी बराचसा रस्ता स्की खांद्यावर घेऊन चालले. बाई पुढे, दादा माझ्या मागे.

"मला तरी सांगायचंस," दादा शेवटी म्हणाले. "मराठीत."

"तुम्हाला तर मुळीच सांगितलं नसतं, दादा."

"का?"

"तुम्ही माझं नाव दिलं होतं ना."

 थोड्या वेळाने त्यांनी माझ्या खांद्यावरून एक स्की काढून घेतली. रागावले होते की नाही, कळलं नाही.

सोमवारी बाईंबरोबर प्रबंधाची ठरलेली बैठक होती. डोंगराचा विषय निघाला नाही. मोजमापांचा शेवटचा भाग शुक्रवारपर्यंत होईल का, त्यांनी विचारलं. टेबलाखाली माझी टाच चुरचुरत होती.

"नाही," मी म्हणाले. "पुढचा बुधवार लागेल. सेन्सर बदलावा लागणार आहे."

त्यांनी कॅलेंडरमध्ये बुधवार लिहिला आणि पुढच्या मुद्द्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. बैठक संपेपर्यंत मी त्या एका बुधवारकडेच बघत होते.